बेसखालच्या तिथी

काका गेल्याला दीड वर्ष झालं तेव्हा काकूंचा फोन आला. "तुझी ती भुतं घेऊन जा गं. कपाटाला रंग द्यायचाय."

"माझी कुठे काकू? काकांची आहेत."

"ते तर गेले. आता जो रंगवेल त्याची."

काका-काकू माझे नातेवाईक नव्हेत. आमच्या या हिंदीभाषक शहरात, सिटी सेंटर भागात, आर्किटेक्चरच्या मुलांचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथे एकदा तीन शून्यांचा, म्हणजे केसाएवढ्या टोकाचा, एकच ब्रश उरला होता आणि काउंटरवर उभ्या असलेल्या आम्ही दोघांनी तो एकदमच मागितला. दुकानदार म्हणाला, "आप लोग आपस में देख लो." शेजारचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "डोळे रंगवायचेत का?" अनोळखी माणसाचा हा प्रश्न मला मुळीच विचित्र वाटला नाही. ब्रश त्यांनी मला दिला.

हा नाद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलावर मांडून खेळायचे काल्पनिक युद्धांचे खेळ असतात. त्यांतले सैनिक इंचभर उंचीचे. सरदार, बुटके, राक्षस, चेटकिणी, चालते सांगाडे. ते धातूचे किंवा करड्या प्लास्टिकचे, बिनरंगाचे येतात. आपण ते घासायचे, चिकटवायचे, अस्तर मारायचं आणि रंगवायचे. खेळणारे खेळतात, माझ्यासारखे पुष्कळजण फक्त रंगवतात आणि फळीवर ठेवतात. माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा असला एक अर्धवट खोका मागे टाकून गेली. अर्धवट काम मला बघवत नाही. तो पुरा केला, मग दुसरा मागवला. दिवसा मी एका कॉलेजचं ऑफिस सांभाळते, त्यामुळे वहीही ओघाने आलीच: क्रमांक, कधी सुरू केला, कोणते रंग, किती हात, कधी संपला. यजमान म्हणतात, "घरातल्या डाळ-तांदळाची नोंद नसेल, पण राक्षसांची जनगणना चोख आहे."

काका जलविभागात नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर परदेशातल्या पुतण्याने एक डबा पाठवला आणि ते यात पडले. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी मी माधवगंजहून त्यांच्याकडे शिंदे की छावनीत जायची. आम्ही रंगांबद्दल बोलायचो, घरगुती काही नाही. काकू शेजारी भाजी निवडत बसायच्या आणि चहाचे कप मुद्दाम लांब ठेवायच्या, कारण आम्ही दोघांनीही एकेकदा ब्रश चहात बुडवून रंगाचं पाणी प्यायलं होतं.

काकांनी दुसरं कधी काही रंगवलं नाही. एकच फौज, मेलेल्यांची.

बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे घरी आणले आणि सगळे सैनिक जेवणाच्या टेबलावर ओळीने उभे केले. त्रेचाळीस. त्यांच्याकडे असताना मी ते एक-दोन करून हातात घेतले होते. सगळे एकत्र कधी बघितले नव्हते. नोंद करायला बसले आणि तिसऱ्या-चौथ्यालाच हात थांबला. फौजेतले सैनिक धावतात, शस्त्र उगारतात, ओरडतात. हे नुसते उभे होते. काकांनी प्रत्येकाचा तलवारीचा हात वाकवून खाली आणला होता. एक सांगाडा किंचित डाव्या पायावर जोर देऊन उभा. एकाच्या डोळ्यांच्या खोबणींवर केसासारख्या तारेचा चष्मा. एकाच्या कवटीवर पुट्टीने घडवलेली शिंदेशाही पगडी, तिची ती कोपऱ्यावरची चोच इतकी अचूक की मी भिंग लावून बघितलं. एक बाई कमरेवर हात ठेवून. दुसऱ्याच्या दारात येऊन, आतून कोणी येईपर्यंत आपण जसे उभे राहतो, तसे सगळे उभे होते. टेबलाच्या ज्या बाजूला मी बसले होते त्या बाजूला तोंड करून.

मी त्यांना उलट फिरवून ठेवलं आणि उरलेली नोंद पाठीवरून केली.

पुढचं काम ठरलेलं होतं. जुन्या धातूच्या सैनिकांचे बेस, म्हणजे पायाखालच्या बैठका, चौकोनी असतात. माझी सगळी फळी गोल बेसची आहे. शिवाय बारा सैनिकांचा रंग टवके उडून गेलेला, तो काढून नव्याने द्यायला हवा होता. त्या बारांतला एक मात्र टवके उडालेला नव्हता. तो खराब रंगवलेला होता. सगळ्यांत लहान, बाकीच्यांच्या कमरेएवढा, एक पाय मुडपून बसलेला, हातात काहीच नाही. कुणा चेटकिणीचं पाळलेलं पिल्लू असावं असं मी धरलं. आमच्यात पहिला धडा असतो की रंग दुधासारखा पातळ करून द्यायचा, जाड थराने नाक-डोळे बुजतात. काकांनी तो मलाच शिकवला होता. आणि हा लहानगा मात्र रंगाने लडबडलेला, चेहऱ्याची गोळी झालेली. मी वहीत लिहिलं, "बहुधा सुरुवातीचा. धुणे."

रंग काढायला आम्ही घरातलंच जंतुनाशक वापरतो, इस्पितळाच्या फरशीला वास येतो ते. पाणी न घालता बरणीत ओतायचं, सैनिक बेससकट बुडवायचे, एक दिवस ठेवायचं. मग जुन्या दातांच्या ब्रशने घासायचं, तेही त्याच द्रवात. पाण्याचा थेंब पडला की सगळं दुधाळ होतं आणि आतलं काही दिसत नाही. शनिवारी बुडवले, रविवारी सकाळी दहाला गच्चीवर बसून घासले. बेस द्रवातच सुटून आले होते, अकरा जणांचा रंग सालीसारखा सुटला. लहानग्याचा सुटेना. वरचा हिरवा निघाला तर खाली गुलाबी. गुलाबी निघाला तर पिवळा. मग आकाशी, मग परत गुलाबी, मग नारिंगी. मी मोजत नव्हते, पण पंधरा तरी होते. मनात आलं, हा माणूस एकाच पिल्लावर रंग जमवून बघत होता. शेवटी धातू लागला. चेहरा बाहेर आला. त्या जातीच्या पिल्लांना दात असतात, सुळे असतात. याचं तोंड काकांनी कानशीने घासून मिटवलं होतं, आणि ते झोपलेल्या माणसासारखं दिसत होतं. मी त्याला बाकीच्यांबरोबर वर्तमानपत्रावर वाळत ठेवलं.

मंगळवारी ऑफिसातून आल्यावर तेराव्याचा बेस काढायला घेतला. याचा रंग चांगला होता, म्हणून त्याला बरणीत घातलं नव्हतं. पातं सरकवलं तर बेसच्या तळाला, वरून काळा जाड कागद डकवून झाकलेली, कागदाची चौकोनी चकती निघाली. तिच्यावर नकाशावरच्या अक्षरांत, सरळ आणि बारीक, लिहिलं होतं: "धाकटे काका. भाद्रपद वद्य नवमी."

चौदावा. "समोरचे वैद्य. माघ शुद्ध द्वितीया." पंधरावा. "मोठी वहिनी. आषाढ वद्य एकादशी." नावं नाहीत, फक्त नातं आणि तिथी. माझ्या टेबलावर फौज नव्हती. काकांच्या घरातली आणि गल्लीतली गेलेली माणसं होती.

इथे मी चूक केली. आधी नीट मोजून, सगळं तपासून मग बोलायचं, हा माझा नेम. पण पितृपक्ष महिन्याभरावर आला होता आणि हे काकूंच्या उपयोगाचं होतं. मी लगेच फोन लावला. "काकू, काकांनी सगळ्यांच्या तिथी लिहून ठेवल्यात! प्रत्येकाच्या पायाखाली!"

मग काकूंनी विचारलं, "त्यात कोणी लहान आहे का? मुलगी?"

"कोण मुलगी?"

"माझी." आणि मग त्यांनी एका दमात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "अकरा महिन्यांची होती. मला कावीळ झाली, मी इस्पितळात. ती सासूबाईंजवळ. सव्वा महिन्याने मला घरी आणलं तर पाळणा नव्हता. एवढ्या लहानाचं काही करत नाहीत म्हणाले, म्हणून कोणी दिवस पण नाही सांगितला. ह्यांना विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. तू बघ ना. असणार. ते लिहिल्याशिवाय राहायचे नाहीत."

"बघून सांगते," म्हणाले. पण मला तेव्हाच कळलं होतं.

तरी मी बाकीचे सगळे बेस काढले. वहिनी, मामा, मास्तर, दूधवाले, आत्या. लहान कोणी नाही. शेवटच्या तिघांच्या खाली मात्र तिथीच नव्हती. नातं लिहून पुढे रेघ मारून जागा सोडलेली. पहिल्यावर "मी." दुसऱ्यावर, कमरेवर हात ठेवलेल्या बाईच्या खाली, "ही." तिसरा अर्धवट रंगवलेला होता. त्या सांगाड्याच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्यात पेन. खाली लिहिलं होतं, "ब्रशवाल्या बाई, माधवगंज."

संध्याकाळचे सहा वाजले होते, बाहेर लख्ख उजेड होता, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. मी उठून हात धुतले. साबण लावून दोनदा.

मग बरणी आठवली. द्रव अजून टाकलेला नव्हता. चहाच्या गाळणीतून गाळला, तळाचा लगदा टिपकागदावर वाळवला. बारा चकत्यांचे बारा गोळे. सुईने उलगडत बसले. शाई धुतली गेली होती. एका तुकड्यावर भिंगाखाली "द्य" एवढं दिसलं, कुठल्यातरी वद्य पक्षातलं. कुणाचं, ते कळेना. बेस मी आधीच कचऱ्यात टाकले होते आणि गाडी येऊन गेली होती. धुण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढते मी, समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी. खालून कधीच नाही.

यजमान म्हणाले, "अगं, एखादी तिथी सांगून टाक. कोण तपासणार आहे? म्हातारीला समाधान."

ते मलाही सुचलं होतं. सुचण्यापर्यंतच थांबलं नाही, मी तसं केलंसुद्धा. काकांची अक्षरं सरळ असल्यामुळे अवघड नव्हती. बारीक पेनाने चकतीवर लिहिलं, "भाद्रपद शुद्ध षष्ठी", नव्या बेसला चिकटवलं आणि लहानग्याला वर बसवलं. हुबेहूब जमलं होतं. मग दोन दिवस त्या फळीपाशी गेले की वाटायचं, बाकीचे बेचाळीस तिकडेच बघताहेत. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, तरी. ऑफिसात गेली अठ्ठावीस वर्षं मी कारकुनांना एकच गोष्ट सांगत आले आहे, रिकामी जागा चालते, खोटी नोंद चालत नाही. शुक्रवारी चकती खरवडून काढली, शनिवारी अर्धी सुट्टी टाकली आणि भर दुपारी तिन्ही डबे घेऊन छावनीत गेले.

काकूंनी दिवाणावर पांढरी चादर अंथरून ठेवली होती. "मांड," म्हणाल्या.

मी आधी सांगून टाकलं. चकत्या, बरणी, शाई, सगळं, आणि खोटी तिथी लिहिली होती तेही. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "एवढ्या याद्या करतेस आणि कुणाचं बूड उलटून नाही बघितलंस?"

"नाही बघितलं."

"हं. मांड."

मी एकेक ठेवत गेले आणि काकू एकेकाला ओळखत गेल्या. धुतलेल्यांवर रंग नव्हता, मांस तर कुणावरच नव्हतं, नुसती हाडं. पण उभं राहणं होतं. "हा आमचा धाकटा दीर. लंगडायचा. जाऊबाई. बघ, अजून कमरेत वाकलेल्या. हे डॉक्टर, चष्मा पुसायला पण काढायचे नाहीत." पगडीवाला ठेवला आणि काकूंनी झटकन डोक्यावरून पदर घेतला. "मामंजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असेच उभे राहायचे दाराशी. काय चुकलं ते शोधत." खाली रस्त्यावरून टेंपोवाला "बाड़ा, बाड़ा, बाड़ा" अशी सवाऱ्यांना हाक देत गेला. काकूंचा पदर डोक्यावरच राहिला आणि त्या मामंजींच्या समोरून थोड्या बाजूला सरकून बसल्या. मीही सरकले. का ते मला सांगता येणार नाही.

"मी" असं लिहिलेला सैनिक त्यांनी हातात घेतला, उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यांची भर. पौष शुद्ध चतुर्दशी." मी रेघेवर लिहिलं. "ही" त्यांनी बघितली, हसल्या. "मला बघ कसं ठेवलंय, भांडायला उभी असल्यासारखं." मग वहीवाला. "ही तर तू! नाक पण तुझंच आहे."

"काकू, सांगाड्याला नाक नसतं."

"मग नसलेलं तुझंच आहे. घाबरलीस? जागा रिकामी आहे ना तुझी? मग चहा घे."

शेवटी लहानगी उरली. ती मी हातातच धरून ठेवली होती. काकूंनी तळवा पुढे केला. बघता बघता त्यांचा अंगठा त्या मुडपलेल्या पायावर गेला. "असाच घ्यायची," म्हणाल्या. "बसली की डावा पाय खाली. सरळ करायला गेलं की रडायची." मग उलटी केली. खाली कोरा बेस.

"सर्वपित्रीला करता येईल काकू. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठीच..."

"ती सगळ्यांची. मुलांची त्रयोदशी असते, ती पण सगळ्यांची. मला तिची एकटीची पाहिजे होती."

मला देण्यासारखं एकच उरलं होतं, ते दिलं. रंगांचं सांगितलं. वरून हिरवा, मग गुलाबी, पिवळा, आकाशी, परत गुलाबी, नारिंगी, पुढचे मिसळले. पंधरा तरी. काकांनी रंगवायला लागल्यापासून साधारण तेवढीच वर्षं झाली होती.

"फ्रॉक," काकू म्हणाल्या. "दर वर्षी नवा." आणि पुढे, "मी इथेच भाजी निवडत बसलेली असायची. मला एकदा पण म्हणाले नाहीत, बघ कसा दिसतो."

त्या रडल्या नाहीत. ताठ बसून राहिल्या. मग एकदम विचारलं, "धुतलंस कधी?"

"रविवारी. सकाळी दहा ते अकरा."

उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेल्या, बोट फिरवलं. "इथल्या हिंदीवाल्यांचा महिना पुनवेला बदलतो, त्यांचा भादो लागला, आपला श्रावणच चालू आहे. पंचमी तर दोघांची एकच. वद्य पंचमी. लिही."

"काकू, ती तिची तिथी नाही. तो तर मी..."

"ह्यांनी घातलेला शेवटचा फ्रॉक त्या दिवशी उतरला. त्याच्या आतला पण, आणि त्याच्या आतला पण. आता तिच्या अंगावर काही नाही. कधी ना कधी तर असा दिवस तिचा झालाच असेल, मला नाही दाखवला कुणी. हा तू बघितलास. लिही."

मी लिहिलं. माझ्या स्वतःच्या अक्षरात.

पितृपक्षातल्या पंचमीला काकूंनी गुरुजींना बोलावलं नाही. एक छोटं पान वाढलं, मऊ भात आणि दूध. मला रंग घेऊन बोलावलं होतं. पानासमोर पाटावर तिला बसवून मी पिवळा फ्रॉक रंगवला, सवयीप्रमाणे पातळ. "असा काय पाण्यासारखा?" काकू म्हणाल्या. "थंडी वाजेल तिला. अजून लाव." मी अजून लावला. "अजून."

या गोष्टीला आता चौथं वर्ष. दर पंचमीला मी जाते. फौज काकूंच्या नव्या रंगाच्या कपाटात असते, मामंजी मागच्या ओळीत. गेल्या वर्षी मी गुलाबी काढला तर काकूंनी हात धरला. "फ्रॉक पुरे आता. चव्वेचाळीसची झाली असती ती. साडी दे. ऑफिसला जाते तशी." मी राखाडी साडी दिली, काठ मरून रंगाचा. मिटलेल्या तोंडाच्या त्या लहानगीला ती शोभली. मला तिच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

यंदा रंगवण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने मोजली. मोजमाप दर वेळी घेतेच. धुतली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत सतरा मिलिमीटर आणि वर दोन दशांश होती. यंदा अठराला एक दशांश कमी. जाड रंगाचे थर आहेत, त्यात नवल काही नाही, मला कळतं. पण काकूंना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली, जशी मी त्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट सांगत होते.

"मग पुढच्या वेळी बेस मोठा आण," म्हणाल्या. "तिचा पाय बाहेर यायला लागलाय."

मी वाकून बघितलं. डाव्या पायाची बोटं कडेच्या बाहेर आली होती.